आबांची वही : प्रकल्प नोंदी

४ जून २०२३

काम आजपासून सुरू. आबांची (आमच्या आजोबांची) शंभरावी जयंती येत्या दत्तजयंतीला, म्हणजे २६ डिसेंबरला. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या हातात एक छापील पुस्तक द्यायचं, असं काल रात्री ठरलं. आबांच्या जन्माची आमच्याकडे एवढीच खूण आहे : १९२३ ची दत्तजयंती. पलटणीच्या कागदावर जन्मसाल १९२२ आहे, कारण भरतीच्या वेळी त्यांनी वय वाढवून सांगितलं होतं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं.

पुस्तक करायचं खरं कारण वेगळं आहे. आबा ऑगस्ट २०२० मध्ये गेले. वीस माणसांच्या वर कुणाला परवानगी नव्हती. दहाव्याला घाटावर आम्ही मोजकेच. एरवी अख्खा तालुका लोटला असता, प्रत्येकानं काही ना काही सांगितलं असतं आणि त्यातूनच आम्हाला आबा पुरे कळले असते. ते ऐकायचं राहून गेलं. ते आता घरोघर जाऊन गोळा करायचं.

कामाची वाटणी : कागदपत्रं आणि लेखन माझ्याकडे, फोटो स्कॅन करणं दादाकडे, माणसांना फोन करणं अण्णाकाकांकडे (त्यांना नाही म्हणणारा माणूस जिल्ह्यात नाही). आक्काआत्याकडे घरातलं सगळं, कारण तिच्याएवढं कुणालाच आठवत नाही.

११ जून

पत्र्याची ट्रंक उघडली. वर आजीची दोन नऊवारी, खाली आबा. डिस्चार्ज सर्टिफिकेट घडीवर फाटलंय, सरळ करताना फार जपावं लागलं. मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. भरती १९४१, सुटका १९४६. ट्रेड : ड्रायव्हर, कॅरिअर प्लाटून. वर्तणुकीच्या रकान्यात शेरा चांगला आहे.

मेडलं तीन. १९३९-४५ स्टार, इटली स्टार, वॉर मेडल. इटली स्टारच्या फितीत लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे उभे पट्टे आहेत. या फितीची एक कड कुरतडलेली आहे. आत्या म्हणाली, ती लहान असताना तिनंच चावली होती, दात येत होते तेव्हा. आबांनी मेडल काढून घेतलं नाही, टोक तेवढं बोटानं झाकलं, म्हणजे तिला टोचू नये. हे ती आजीकडून ऐकून सांगते. फितीचा जवळून फोटो घ्यायचा, कुरतडलेली कड दिसेल असा.

ट्रंकेच्या तळाशी एसटीचा बिल्ला आणि २५ वर्षं विनाअपघात सेवेचं प्रशस्तिपत्रक. मेडलं मखमलीत होती, हे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

२ जुलै

अण्णाकाकांचं रेकॉर्डिंग झालं, दोन बैठकांत. काकांना आबांच्या लढाईची सनावळी पाठ आहे. पलटणीच्या इतिहासाशी ताडून पाहिली, बहुतेक सगळी जुळते.

थोडक्यात मांडते. पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये. आबा नव्या तुकडीबरोबर जाऊन मिळाले तेव्हा ती मध्यपूर्वेत होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेला, तारांतो बंदरात उतरले. तिथून एड्रियाटिक किनाऱ्यानं वर. नोव्हेंबरात सांग्रो नदी. पाऊस, चिखल, नदीला पूर, बांधलेले पूल वाहून गेलेले. पलीकडे डोंगरावर जर्मन. आबा म्हणायचे, “लढाई निम्मी बंदुकीची आन् निम्मी चिखलाची.” कॅरिअर म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणारी छोटी चिलखती गाडी, तीही रुतायची. मग दारूगोळा, पाणी, जखमी, सगळं माणसांच्या खांद्यावर नाहीतर खेचरांच्या पाठीवर.

सांग्रोच्या दफनभूमीत एक अग्निसंस्कार स्मारक आहे. ज्यांचं तिथं दहन झालं अशा पाचशेहून जास्त हिंदी सैनिकांची नावं त्यावर आहेत. आबांच्या भरतीच्या जोडीदारांपैकी कुणी त्यात आहे का, हे शोधायचं आहे. आबा ‘माझा जोडीदार’ एवढंच म्हणत, नाव घेत नसत. घेतलं असतं तर आज सापडला असता.

२५ जुलै

कामाबाहेरची, पण नोंदवायलाच हवी अशी गोष्ट. इटलीत पेरुजिया प्रांतात मोंतोने नावाचं गाव आहे, तिथं २२ तारखेला नाईक यशवंत घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा. १० जुलै १९४४ ला, अप्पर टायबर खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे एका मशीनगनच्या माऱ्यात पडले किंवा जखमी झाले. हे एकटे पुढे धावले, मशीनगनचं ठाणं गप्प केलं, आणि तिथंच गोळी लागून गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, आबा पहिल्या. भेट झाली असणं कठीण.

बातमी आत्याला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बावीस म्हंजी लगीनबी झालं नसंल नीट. आपला बाप परत आला बघ.” पुस्तकात एक पान घाडग्यांसाठी ठेवते. आबांना शहाण्णव वर्षं मिळाली, ती किती मोठी हे त्या पानाशेजारी कळेल.

१३ ऑगस्ट

आज जे सापडलं त्यानं मी दिवसभर हलले आहे.

आबांची एक गोष्ट होती, घरात तिला सगळे हसायचे. ते सांगायचे की इटलीत एका वाड्यात त्यांची पलटण उतरली, आणि आत खोल्या-खोल्यांत मोठमोठी चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. “भिंतीएवढी चित्रं. एकात फुलाफुलाचं लुगडं नेसलेली बाई. साहेब म्हणाला, हात लावायचा नाही, बिडी वढायची न्हाई, पहारा ठेवा.” आम्ही पोरं विचारायचो, आबा, मग एखादं आणलं का नाही? ते चिडायचे. “लोकाचं हाय ते.”

ही गोष्ट शब्दशः खरी असू शकते. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला माँतेगुफोनी नावाचा जुना किल्लेवजा वाडा आहे, तेव्हा इंग्रजांच्या सिटवेल घराण्याच्या मालकीचा. युद्धात उफित्झी आणि पित्ती या फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांमधली चित्रं बॉम्बपासून वाचवायला आसपासच्या वाड्यांत हलवली होती, त्यातली दोनशेहून जास्त इथं होती. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सवर चाल चालू असताना आठव्या डिव्हिजनची माणसं तिथं पोचली. मराठा पलटणीच्या जवानांनी या चित्रांवर पहारा दिला. त्यात चित्रकार बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ होतं : दोन मीटर उंच, तीन मीटरहून लांब. आणि त्या चित्रात, उजव्या बाजूला, अंगभर फुलांचा झगा घातलेली स्त्री आहे. फ्लोरा.

कोरेगाव तालुक्यातला, चौथी शिकलेला, वीस वर्षांचा मुलगा त्या चित्रासमोर उभा असेल. पायाखाली कदाचित भाजलेल्या विटांची फरशी, हातात रायफल, बाहेर तोफा. ती बाई त्याला लुगडं नेसलेली वाटली. पुढं सत्तर वर्षं ती त्याच्या लक्षात राहिली आणि आम्ही हसलो.

आबा त्याच वाड्यात होते याचा कागद माझ्याकडे नाही. पलटण त्यांची, काळ त्यांचा, वर्णन त्यांचं. मी पुस्तकात हे असंच लिहिणार, जेवढं आहे तेवढं. आणि शेजारी चित्राचं छायाचित्र. दादानं विचारलं, रंगीत छपाईचा खर्च? रंगीतच.

१५ ऑगस्ट

कालपरवाच्या नोंदीला जोड. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीवर सहा पूल. माघार घेताना जर्मनांनी पाच उडवले, जुना पोन्ते वेक्क्यो तेवढा ठेवला. आबा हेही सांगायचे, “दुकानं असलेला पूल.” पुलावर दुकानं कशी असतील, असं वाटून मी ते कधी लिहून घेतलं नव्हतं. आहेतच.

३ सप्टेंबर

पाटणला जाऊन आले. कंडक्टरकाका. वय अठ्ठ्याऐंशी, कानानं थोडे कमी, बाकी ठणठणीत. आबांबरोबर अनेक वर्षं एकाच गाडीवर होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली एक जुनी डायरी काढून ठेवली होती, म्हणाले, “तुम्ही येनार म्हटल्यावर बघून ठिवलं.”

आधी मागचं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, बेडफर्डच्या गाड्या, लाकडी बॉडी. युद्धाहून आलेल्यांपैकी ज्यांना मोठी गाडी हाकता येत होती, अशांना ही नोकरी म्हणजे दुसरा जन्म. युद्ध संपल्यावर फौज उतरवली गेली, आबांसारखे लाखो घरी आले, पेन्शन नाही, घरी तीन एकर कोरडवाहू. १९४९ मध्ये आबा एसटीत चालक झाले ते १९८० पर्यंत. सैन्यात पाच वर्षं, एसटीत एकतीस. काकांच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा हा हिशोब नीट दिसला.

काका सांगत होते ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत :

“तुमचं आजोबा गाडी कधी डांबर सोडून खाली घ्यायचं नाहीत. समोरनं कुणी आलं तर दुसरं डायवर चाक साइडपट्टीवर उतरवायचे. ह्ये थांबायचे. डांबरावरच थांबायचे. पुढचा शिव्या घालायचा, ह्ये गप. मी एकदा इचारलं. म्हणाले, तिकडं रस्त्याच्या कडंला सुरुंग पेरलेले असायचे. इंजिनिअरची माणसं मधला रस्ता साफ करून दोन्ही बाजूला पांढरी फीत लावायची. फितीच्या आत र्‍हायचं. एक गाडी उतरली फितीभाईर. तिच्यात माझा जोडीदार होता.”

पुन्हा जोडीदार. पुन्हा नाव नाही.

मग कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला. आबा आणि काका मुक्कामी गाडी घेऊन पाटणच्या वरच्या अंगाला एका गावी होते. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावी थांबायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. दोघं गाडीतच झोपले होते, काका मागच्या बाकावर, आबा इंजिनच्या बॉनेटवर घोंगडी टाकून, कारण ते उबदार असतं. गाडी हलली ती काकांना वाटलं कुणीतरी धक्का मारतंय. आबा ओरडले, “भाईर! उघड्यावर!” आणि देवळाकडे पळाले, कारण देवळाच्या ओवरीत बाजाराला निघालेली माणसं निजली होती.

घरं बसली होती. अंधार, धूळ, रडारड. आबांनी गाडीचे दिवे लावले आणि गाडी फिरवून गावाकडे तोंड करून उभी केली, म्हणजे लोकांना माती उपसायला उजेड झाला. जखमी गाडीत घेतले, बाकांच्या मधल्या जागेत दारांची फळकुटं टाकून. आणि मग पाटणकडे निघाले ते कसे, हे काकांनी उठून, खोलीत चालून दाखवलं. आबांनी काकांच्या हातात कंदील दिला. “तू पुढं चाल. मधून चाल. दगूड दिसला की कंदील खाली कर, भेग दिसली की वर कर.” सगळा घाट काका चालत पुढं आणि आबा पहिल्या गिअरमध्ये मागं. रस्त्यावर दरडी आल्या होत्या, कडेला तडे गेले होते. दिवस वर आला तेव्हा पाटण. “मला वाटलं ह्यो मानूस भितोय, म्हणून एवढा हळू. आतली एक बाई कण्हत होती, म्या म्हटलं जोरात घ्या की. म्हणाले, जोरात घेतली तर सगळीच जातील.” त्या गाडीतले सगळे वाचले.

हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. अण्णाकाकांनाही नाही. आबा दुसऱ्या दिवशी घरी आले, आंघोळ केली, झोपले.

१० सप्टेंबर

कंडक्टरकाकांचं रेकॉर्डिंग उतरवून काढलं. बोली तशीच ठेवली, शुद्धलेखन केलं नाही. दादा म्हणत होता वाचायला जड जाईल. ज्यांच्यासाठी पुस्तक आहे ती माणसं असंच बोलतात.

२४ सप्टेंबर

सेनियो नदीचं प्रकरण पुरं केलं. ९ एप्रिल १९४५. आबांच्याच बटालियनचे नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. नदीच्या दोन्ही काठांना उंच बांध, त्यांत जर्मनांनी ठाणी खणलेली. कंपनीची पहिली फळी कापली गेली. जाधवांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगाच्या पट्ट्यातून, गोळ्यांच्या माऱ्याखाली अलीकडच्या काठाला आणलं. मग एकटे पुन्हा गेले आणि तीन मशीनगन ठाणी मोडली. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून हातगोळ्यांवर लढले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून पलटणीची आरोळी दिली, शिवछत्रपतींचा जयजयकार, आणि हातानं मागच्या कंपन्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, आणि तेही जिवंत परतले. १९८४ ला वारले.

आबा जाधवांचं नाव मात्र घेत असत. आदरानं घेत. “आरोळी आयकली आम्ही.” एवढंच. त्या आरोळीनंतर तेवीस दिवसांनी, २ मे १९४५ ला, इटलीतलं युद्ध संपलं.

१५ ऑक्टोबर

आक्काआत्याकडे रविवार. ती सरळ म्हणाली, “बाप चांगला होता, पण दिवाळीला घरी नसायचा. लिव्ह ते.” लिहिते. एसटीवाल्याची दिवाळी रस्त्यावरच, जादा गाड्या असतात. गणपती, दिवाळी, आषाढी, मे महिना, सगळी दुनिया घरी पोचवायची आणि आपण मुक्कामी. अण्णाकाकांच्या जन्मावेळी आबा कुंभार्ली घाटात होते, तीन दिवसांनी कळलं. आजीनं तक्रार केली नाही असं नाही. खूप केली. आबा ऐकून घ्यायचे आणि पगाराचं पाकीट न फोडता तिच्या पुढ्यात ठेवायचे. त्यातले विडीचे पैसे ते तिच्याकडून मागून घेत.

आत्याला रयतच्या शाळेत घातलं ते आबांनी. गावात तेव्हा सातवीच्या पुढं मुलगी नव्हती. भावकी म्हणाली, पोरगी हाताबाहेर जाईल. आबांनी वाद घातला नाही, ज्या गाडीवर त्यांची ड्युटी असायची त्यातच तिला चढवलं, चालकाच्या मागच्या पहिल्या बाकावर. ती पासाचे पैसे भरायची, आबांनी फुकट कधी नेलं नाही. पुढं आत्या शिक्षिका झाली. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आज तलाठी आहेत, नर्स आहेत, एक एसटीची कंडक्टर आहे.

१९७२ च्या दुष्काळात घरात मिलो शिजायची, लाल ज्वारी. आबा पंगतीत शेवटी बसायचे. याच्यापुढे आत्या बोलली नाही, मीही विचारलं नाही.

शेवटच्या वर्षांत दुसऱ्या महायुद्धातले सैनिक म्हणून त्यांना दरमहा मानधन येऊ लागलं. ते आजीच्या हातात द्यायचे. “ह्ये इटलीचं. तुझं र्‍हायलेलं.”

११ नोव्हेंबर

दिवाळीला सगळे जमलो आणि मुखपृष्ठावरून वाद झाला. अण्णाकाकांना मेडलं हवीत. पलटणीचं नाव ठळक, मागं इटलीचा नकाशा. त्यांचं म्हणणं कळतं मला : गावच्या सप्त्यात, सरपंचाच्या भाषणात आबांचा उल्लेख ‘महायुद्धातले वीर’ असाच झाला, आणि काकांनी तो अभिमान सत्तर वर्षं अंगावर वागवला. पण पानांचा हिशोब मांडला तर युद्धाला निम्म्याहून जास्त जागा गेली होती, आणि एसटी, शेत, घर, आजी, आम्ही सगळे मिळून उरलेल्यात. हे मला मान्य नाही. ज्या माणसानं पाच वर्षं लढाई केली आणि मग चौऱ्याहत्तर वर्षं माणसांना घरी पोचवलं, शेत पिकवलं, पोरं वाढवली, त्याच्या पुस्तकात ही चौऱ्याहत्तर वर्षं पाठीमागे बसवायची नाहीत.

मी कंडक्टरकाकांचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. कंदिलाचा भाग आला तेव्हा अण्णाकाका उठून अंगणात गेले. परत आले ते म्हणाले, “बाबा मला म्हणाले नाहीत कधी.” मग बऱ्याच वेळानं, “एसटीच्या ड्रेसातला फोटो हाय का मोठा?”

आहे. सातारा डेपोतला, १९६१ च्या सुमाराचा, गाडीच्या दाराशी एक पाय पायरीवर ठेवून. तो मुखपृष्ठावर. मेडलं आतल्या पहिल्या पानावर. क्रम कालानुसार न लावता माणसांनुसार लावायचा : आईचा मुलगा, पलटणीचा शिपाई, एसटीचा चालक, आजीचा नवरा, आमचे आबा.

३ डिसेंबर

मजकूर छापखान्यात. दोन वेळा प्रुफं तपासली. सांग्रोच्या स्मारकावरच्या नावांत कोरेगाव तालुक्यातले कोण, याचा शोध चालू ठेवलाय, पुस्तकात तो नाही. ‘माझा जोडीदार’ या शीर्षकाखाली अर्धं पान कोरं सोडलंय. नाव मिळालं तर पुढच्या प्रतींत तिथं छापू.

२७ डिसेंबर

काल कार्यक्रम झाला. सकाळी दत्ताचं दर्शन, दुपारी जेवण, संध्याकाळी ओसरीवर वाचन. २०२० मध्ये ज्यांना येता आलं नव्हतं ते आले, काही काठी टेकत, काही नातवाच्या आधारानं. पाटणहून कंडक्टरकाका खास गाडी करून. त्यांना पहिली प्रत दिली. त्यांनी तिथंच पान उघडून पाहिलं आणि म्हणाले की फोटोतली ती गाडी नंतर पाटणच्या फेरीवर आली होती, तिचा क्लच जड होता, हे लिहायला हवं होतं. लिहून घेतलं.

ज्या गावातून जखमी आणले होते तिथले एक गृहस्थ आले होते. अण्णाकाकांनी त्यांना शोधून काढलं होतं, मला सांगितलंही नव्हतं. भूकंपाच्या वेळी ते चार वर्षांचे होते, गाडीतली कण्हणारी बाई त्यांची आई. ती पुढं तीस वर्षं जगली. त्यांना बोलता येईना, त्यांनी आजीच्या पाया पडून नारळ ठेवला. आजी एक्क्याण्णव वर्षांची, तिनं त्यांना बसायला सांगितलं आणि आधी विचारलं, “जेवलासा का?”

मेडलांबद्दल ठरलं : वाटणी करायची नाही, तिन्ही आत्याकडे राहतील. पुस्तकाची एक प्रत बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटरला, एक सातारा डेपोच्या विश्रांतिगृहात, चालक-वाहक झोपतात तिथं. एक रयतच्या शाळेच्या वाचनालयाला. डेपोची प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, पुढच्या आठवड्यात.